बॅकस्टेज: पोर्टल उत्तम, पण सांभाळणारी माणसं आधी ठरवा

गुण: पाचपैकी साडेतीन

"ही सर्व्हिस कोणाची आहे?" आमच्या खराडीच्या ऑफिसात हा प्रश्न चॅटवर रोज पडायचा. उत्तर माहीत असणारी दोन-तीन माणसं ठरलेली होती, आणि ती रजेवर गेली की सगळेच चाचपडत बसायचे. बॅकस्टेज, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या सॉफ्टवेअर सर्व्हिसची माहिती एका जागी दाखवणारं डेव्हलपरांचं पोर्टल, आल्यापासून हा प्रश्न जवळपास बंद झालाय. मी प्लॅटफॉर्म टीममध्ये, म्हणजे बाकी डेव्हलपरांना लागणारी साधनं पुरवणाऱ्या टीममध्ये काम करते, म्हणजे हे पोर्टल वापरतेही आणि चालवतेही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

बॅकस्टेज स्पॉटिफायने स्वतःच्या इंजिनिअरांसाठी बनवलं, मार्च २०२० मध्ये ओपन सोर्स केलं आणि त्याच वर्षी ते सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. लायसन्स अपाची २.०, म्हणजे पैसे पडत नाहीत. साहेबलोकांना एवढंच ऐकू येतं.

सगळा पाया कॅटलॉगचा, म्हणजे सर्व्हिसच्या यादीचा. प्रत्येक रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) एक छोटी यॅमल फाइल ठेवायची: सर्व्हिसचं नाव, प्रकार, लाइफसायकल आणि ओनर. ओनर म्हणून एका माणसाचं नावही चालतं, पण आम्ही तिथे फक्त टीमच लिहायची असा नियम केला. माणसं कंपन्या बदलतात, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. टीमची यादी गिटहबवरून किंवा एलडॅपवरून, म्हणजे कंपनीच्या युजर डिरेक्टरीवरून, आपोआप खेचता येते. ती हाताने भरत बसलात तर दोन महिन्यांत शिळी होईल. रात्री अलर्ट वाजला की आता भलत्याच माणसाची झोप मोडत नाही. डेव्हलपर खूश कशाने होतात असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. ऑफिसातल्या टेबल टेनिसचा नंबर बराच खाली लागतो.

दुसरी आवडलेली गोष्ट टेम्प्लेटची. पूर्वी नवी स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) सर्व्हिस म्हणजे जुन्या रेपोची कॉपी, नावांची शोधाशोध, कोड बिल्ड करून पुढे पाठवणाऱ्या पाइपलाइनसाठी एक तिकीट (विनंती), डेटाबेससाठी दुसरं. आता फॉर्म भरला की रेपो, पाइपलाइन, कॅटलॉगमधली नोंद, सगळं तयार. चहा पिऊन येईपर्यंत पहिला बिल्ड हिरवा. मात्र टेम्प्लेट एकदाच चालतं. उद्या तुम्ही त्यात लॉगिंग सुधारलंत तर आधी तयार झालेल्या रेपोंना त्याचा पत्ताही लागत नाही. ते बदल पोचवायची सोय वेगळी करावी लागते. डेमोमध्ये हे कोणी बोलत नाही.

डेटाबेसच्या टेम्प्लेटची गंमत तर सांगायलाच हवी. सुरुवातीला त्याचं बटण दाबलं की मागे फक्त एक तिकीट उघडायचं आणि मंजुरीसाठी तीच जुनी रांग. पोरं म्हणाली, "मॅडम, रांग तीच, फक्त बोर्ड नवा लावलाय." बरोबरच होतं त्यांचं. मागचं काम टेराफॉर्मने, म्हणजे सर्व्हर-डेटाबेस कोडमधून उभे करणाऱ्या टूलने, खरोखर आपोआप होऊ लागलं, तेव्हाच त्या बटणाला अर्थ आला.

टेकडॉक्स, म्हणजे बॅकस्टेजमधली डॉक्युमेंटेशनची सोय, ठीक आहे. कोडशेजारीच मार्कडाउन, त्यातून पानं तयार होतात. ती सर्व्हरवर बनवण्यापेक्षा सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या पाइपलाइनमध्ये, बनवून ऑब्जेक्ट स्टोअरेजमध्ये ठेवा. लिहिणार कोण, हा प्रश्न कुठलंच टूल सोडवत नाही.

आता दीड गुण का कापले ते. बॅकस्टेज इन्स्टॉल करून मोकळं व्हायचं तयार ॲप नाही. तो फ्रेमवर्क आहे: त्यावर तुमचं स्वतःचं ॲप उभं करायचं, टाइपस्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्टमध्ये. बरेच प्लगइन कोडमध्ये जोडून घ्यावे लागतात, आणि नवी आवृत्ती दर महिन्याला येते. प्लॅटफॉर्म टीममधली माणसं बहुतेक कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) आणि टेराफॉर्मवाली; त्यांना बटणाचं पॅडिंग सरकवायला बसवलं की तोंडं बघण्यासारखी होतात. "जमेल तसं, फावल्या वेळात करा" असं सांगून हे चालत नाही. कायमची दोन-तीन माणसं द्यायची नसतील तर रोडीसारखी, बॅकस्टेज त्यांच्याकडे चालवून देणारी, होस्ट केलेली सेवा घ्या. चार टीम आणि मोजक्या सर्व्हिस असतील तर तेही नको, एक नीट ठेवलेली शीट पुरते.

आणि पोर्टलवर रोज किती जण लॉगिन करतात हा आकडा वरच्यांना देत बसू नका, तो काहीच सांगत नाही. नव्या माणसाचा पहिला बदल प्रॉडक्शनला जायला किती दिवस लागले आणि त्यासाठी किती तिकिटं काढावी लागली, हे मोजा.

घेणार असाल तर पहिल्या टप्प्यात फक्त कॅटलॉग आणा. नंतर सगळ्यात जास्त वापरात असलेल्या एका प्रकारच्या सर्व्हिसचं टेम्प्लेट. कुबरनेटीसचा प्लगइन मात्र फार लांबवू नका. आपला पॉड (कुबरनेटीसवर चालणारी ॲपची प्रत) का पडला हे ज्युनिअर पोरांना क्लस्टरची परवानगी न मागता बघता येतं, आणि आमच्या टीमला येणारे निम्मे फोन तिथेच थांबतात.