बेसिलच्या बियांचं पाकीट, दोनदा पेरून बघितल्यावर

मुलगा पुण्याला शिकतो. दिवाळीत आला तेव्हा तिकडच्या पिझ्झ्यावरच्या हिरव्या पानांचं फार कौतुक करत होता, म्हणून मी मोबाईलवरून ‘स्वीट बेसिल’च्या बियांचं पाकीट मागवलं. ६० रुपये बियांचे, ४० घरपोच आणायचे. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ते आठव्या दिवशी आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. बियाणं चांगलं आहे. तक्रार आहे ती पाकिटावर छापलेल्या सूचनांबद्दल.

‘बी १ इंच खोल पेरा.’ मी तसंच पेरलं, शेतातून आणलेल्या काळ्या मातीत. पंधरा दिवसांत तीन रोपं आली, तीही डिसेंबरच्या थंडीत पानं काळी पडून गेली. या झाडाला थंडी अजिबात सोसत नाही, पण कोणत्या महिन्यात पेरायचं याबद्दल पाकिटावर एक अक्षर नाही. आणि एवढंसं बारीक बी इंचभर खाली गाडलं तर ते वर येणार कसं?

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, उरलेलं बी माझ्या रीतीनं पेरलं. एक टोपलं काळी माती, एक टोपलं रेती, एक टोपलं जुनं शेणखत. नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. बी वरच भुरभुरलं, चाळलेल्या शेणखताची चिमूट टाकली आणि हातानं पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं बघते तर उघड्या राहिलेल्या बियांभोवती पांढरट बुळबुळीत थर आलेला.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. “अवो, हा तं सब्जा व्हय!”

खरंच होतं ते. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा या झाडाचंच बी. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, ओसिमम बॅसिलिकम. वृंदावनातली तुळस त्याच कुळातली, पण जात वेगळी. तोवर त्या माझ्यावर नाराज होत्या. “तुळस का भाजीत टाकाची असते?” असं दोनदा म्हणाल्या होत्या आणि मला ते पटतही होतं, वृंदावनातल्या तुळशीचं पान मीही फोडणीत टाकणार नाही. सब्जा म्हटल्यावर त्यांचं मन निवलं. किराण्यातल्या पुडीतला चिमूटभर सब्जा त्यांनी स्वतः दुसऱ्या कुंडीत पेरला.

सहाव्या दिवशी दोन्ही कुंड्या उगवल्या. मग ६० रुपये कशाला घालवायचे? फरक पानांत आहे. किराण्यातल्या सब्ज्याचं पान लहान, अरुंद, वास उग्र, आणि मंजिरी लवकर येते. पाकिटातल्या झाडाचं पान रुंद, वाटीसारखं फुगीर, वासाला लवंग आणि मागून थोडी बडीशेप. जेवणात घालायचं असेल तर पाकीट घ्यावं असं मी नक्की सांगेन.

शेंडा खुडायचा असतो हेही पाकिटावर नाही. कपाशीचा खुडतो तसाच. चार-पाच जोड्या पानं झाली की पानांच्या जोडीच्या अगदी वर खुडायचा. त्या जागेवरून दोन फांद्या फुटतात. मंजिरी धरली की पानं कमी येतात आणि कडवट लागतात. खुडलेली पानं फ्रीजमध्ये काळी पडतात, म्हणून मी दांडी पेल्यातल्या पाण्यात उभी ठेवते. आठवड्या-दीड आठवड्यात तिलाच मुळं फुटतात. अशी चार रोपं मी शेजारी वाटली.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा कुंड्या निंबाखाली हलवल्या. सकाळचं ऊन तेवढं लागू दिलं, पाणी दोन वेळा. एकही झाड गेलं नाही.

मुलगा येईपर्यंत पिझ्झा काही झाला नाही, पण चटणी रोजची झाली. मूठभर पानं, चार लसूण पाकळ्या, भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, मीठ, पाट्यावर जाडसर वाटायचं आणि वरून कच्चं जवसाचं तेल. इटलीत ऑलिव्हचं तेल घालतात. आपल्याकडे जवस आहे, आणि ज्वारीच्या गरम भाकरीवर त्याच्याइतकं दुसरं कोणतंच तेल मला आवडत नाही. टमाट्याच्या भाजीत घालायचं तर गंज चुलीवरून उतरवल्यावर पानं हातानं तोडून टाकायची. उकळत्या भाजीत वास उडून जातो.

पुढच्या वर्षी पाकीट विकत घ्यायचं नाही म्हणून घरचं बी धरणार आहे. दोन्ही झाडं एकाच जातीची, मधमाश्या दिवसभर दोन्हीकडे फिरतात, म्हणजे बी सरमिसळ होणार. सासूबाईंना सरबतासाठी सब्जा हवाच आहे. म्हणून ठरलं आहे की आधी त्यांच्या कुंडीला मंजिरी येऊ द्यायची आणि माझे शेंडे खुडत राहायचे. त्यांचं बी वाळून झाडं उपटली की मग माझ्या झाडांचं खुडणं थांबवायचं.