'द सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट': घ्यायची तर 182 मिनिटांचीच प्रत

वेताळ पंचविशी लहानपणी कानावरून गेली असेल, तर हा पोलिश सिनेमा परका वाटणार नाही. फासावर लटकलेली प्रेतं आहेत, गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे, आणि सांगणारा खरं बोलतोय का याचा भरवसा नाही. वोयचेख हास यांनी 1965 साली यान पोतोत्स्की यांच्या कादंबरीवरून तो कृष्णधवल केला. लेखक पोलिश, कादंबरी मूळ फ्रेंचमध्ये आणि कथा घडते स्पेनमध्ये.

अल्फोन्स हा तरुण अधिकारी सिएरा मोरेनाचे डोंगर ओलांडून माद्रिदला निघतो. ओसाड सराईत दोन मूर राजकन्या भेटतात, तो कवटीच्या पेल्यातून पितो आणि जागा होतो तो थेट फाशीच्या खांबाखाली. हे डोंगर प्रत्यक्षात पोलंडमधल्या चेन्स्टोहोवाजवळच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. पण चैत्र-वैशाखात यावल-रावेरकडून सातपुड्याचा उघडा पायथा पाहणाऱ्याला त्या रानातली तहान लगेच कळते.

रूपांतर म्हणून हा सिनेमा फार मोलाचा आहे. कादंबरी 'दिवसां'त विभागलेली आहे आणि पूर्ण आवृत्तीत असे साठावर दिवस आहेत. ते सगळे तीन तासांत कोंबले असते तर नुसती पळापळ झाली असती. हास यांनी कितीतरी कथा गाळल्या, पण गोष्टीतून गोष्टीत उतरायचा जिना हलवला नाही. कादंबरीचा जीव त्या जिन्यातच आहे.

बहुतेकांची वाट चुकते ती दुसऱ्या भागात. तिथे जिप्सींचा नायक आवादोरो गोष्ट सांगू लागतो. त्याच्या गोष्टीतला लोपेझ स्वतःची गोष्ट सांगतो, लोपेझच्या गोष्टीत बुस्केरोस तोंड घालतो आणि बुस्केरोसच्या गोष्टीत फ्रास्केत्ताची कहाणी येते. मन लावून पाहणाराही इथे कोण कुणाला सांगतंय ते विसरतो, कारण हास परत वर येताना खूण देत नाहीत, सरळ दृश्य बदलतात. उपाय साधा आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. नवा माणूस बोलू लागला की त्याचं नाव एक पायरी खाली लिहा, त्याची गोष्ट संपली की बोट एक पायरी वर न्या. चार पायऱ्या पुरतात. टोलेदो नावाच्या सरदाराला रात्री ऐकू आलेल्या मेलेल्या मित्राच्या आवाजाचा उलगडा दुसऱ्याच माणसाच्या गोष्टीत होतो. तो क्षण हातून निसटू देऊ नका, अख्ख्या सिनेमाची किंमत तिथे वसूल होते.

चित्र 2.35 ला 1 असं रुंद आहे. भिंतीवर सहा फूट रुंद पाडलंत तर उंची अडीच फुटांच्या थोडी वर येते. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील, त्या घालवायला झूम करू नका, कडांना ठेवलेल्या कवट्या आणि माणसं कापली जातात. बऱ्याच प्रतींत सबटायटल खालच्या पट्टीत येतात, म्हणून भिंतीवर खाली वीतभर जागा सोडा. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो आणि सराईतल्या रात्रीची भीतीच निघून जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातच्या आधी पुरेसा अंधार मिळत नाही. तेव्हा सुरू करून दोन भागांमध्ये पंधरा मिनिटं थांबलात तरी अकराच्या आत संपतो. त्या मध्यंतरात भरीत-पुरीवर आडवा हात मारू नका. पुढचा भागच सगळ्यात गुंतागुंतीचा आहे आणि भरल्या पोटी पापण्या मिटतात.

पेंडेरेत्स्की यांचं संगीत कधी जुन्या शास्त्रीय धाटणीचं, तर कधी इलेक्ट्रॉनिक. बास वाढवू नका, बारीक आवाज बुडतात.

उणिवाही आहेत. राजकन्यांकडे कॅमेरा बऱ्याचदा निव्वळ शोभेच्या वस्तू म्हणून बघतो, आणि दुसऱ्या भागातल्या प्रेमप्रकरणांचा विनोद मधेच पाणचट होतो. तरीही कात्री लावलेली प्रत घेऊ नका. परदेशात हा सिनेमा बराच कापून दाखवला गेला होता, आणि इथे एक गोष्ट कापली की तिच्या पोटातल्या बाकीच्या लोंबकळत राहतात. अमेरिकन संगीतकार जेरी गार्सिया यांनी पूर्ण प्रत मिळवण्यासाठी पैसे दिले, 1995 मध्ये ते गेल्यावर मार्टिन स्कॉर्सेसी आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी काम तडीस नेलं. हास यांचाच 1973 चा, ब्रुनो शुल्झ यांच्या कथांवरचा 'द आवरग्लास सॅनेटोरियम' रंगीत आणि देखणा आहे, पण त्यात धरायला जिना नाही. तो नंतर बघा.