‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकलेलं बालपुस्तक: ठाण्यातला एक व्यवहार

नौपाड्यातल्या एका संग्राहकाने मुलांच्या गोष्टींचं जुनं मराठी पुस्तक १९४९ ची पहिली आवृत्ती म्हणून साडेआठ हजारांना घेतलं. विक्रेत्याने फोटो पाठवले ते फक्त मुखपृष्ठाचे आणि आवृत्तीची नोंद असलेल्या पानाचे. पैसे यूपीआयने आधीच घेतले. पुस्तक दिलं ठाणे स्टेशनबाहेर, संध्याकाळच्या गर्दीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. वर सूचना: बांधणी नाजूक आहे, घरीच उघडा.

घरी लबाडी उघडी पडली ती शेवटच्या पानामुळे. तिथल्या जाहिरातीत इतर पुस्तकांच्या किमती ‘नये पैसे’मध्ये होत्या. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. १९४९ च्या पुस्तकात रुपये-आणेच असायला हवेत. लबाडी करणारा पुढचं पान बदलतो, मागच्या जाहिराती वाचत नाही. म्हणून फोटो मागताना आधी शेवटची चार पानं मागा.

मग ते पुढचं पान आलं कुठून? शिवलेल्या १६ पृष्ठांच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात, पृष्ठ १-२ आणि १५-१६ मिळून घडी घातलेला एकच अखंड कागद असतो. दोरा दिसतो ८ आणि ९ च्या मध्ये. पहिलं पान बदलायचं तर जुनं कापून नवं चिकटवावं लागतं. या प्रतीत ते पान कण्याजवळ डिंकाने कडक झालं होतं आणि त्यामागे कापलेल्या कागदाची बारीक पट्टी उरली होती. बाकीचं पुस्तक खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांनी छापलेलं, पानामागून बोट फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो. हे पान मात्र सपाट. दहापट भिंगाखाली अक्षरांभोवती टोनरची, म्हणजे लेझर प्रिंटरच्या शाईची विखुरलेली पूड दिसली. अतिनील टॉर्चखाली ते एकटंच नव्या कागदासारखं निळसर-पांढरं उजळलं, बाकीची पानं मंद राहिली. रंगही चहाचा: जुना कागद कडांकडून आत पिवळा पडत जातो, हा घडीपर्यंत सारखाच तपकिरी होता.

पुस्तकात छापलेला प्रकाशकाचा पत्ता जरूर वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. त्याआधी ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असं छापत. पण पिनकोड नाही म्हणून पुस्तक जुनंच, असं मुळीच नाही. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन जुळतो का पाहा. जानेवारी ते साधारण मार्च या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. काही पुनर्मुद्रणांवर पहिल्या आवृत्तीचंच साल छापलेलं असतं, तिथे विक्रेता खोटारडाच असेल असं नाही. इंग्रजी पुस्तकांत बऱ्याचदा अंकांची ओळ असते, तिच्यात १ असेल तर सहसा पहिलं मुद्रण. जुन्या मराठी पुस्तकांत ही सोय नाही.

१९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, म्हणजे १८९३ पासूनच्या संस्थेत, विचारा. भेटही अशाच ठिकाणी ठरवा, जिथे टेबल आणि उजेड आहे आणि अर्धा तास बसता येतं. पुस्तक उघडू न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, संभाषण, विक्रेत्याने पाठवलेले फोटो जपून ठेवा. चिकटवलेलं पान उचकटू नका, पुरावा म्हणून ते जागेवरच लागेल.