गोगलगायींशी ओळख: एरंडवण्यातल्या एका वर्गाचा अनुभव

माझ्या साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन गेल्या भाद्रपदात मी पुण्याच्या एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पडवीत भरणाऱ्या गोगलगायींच्या वर्गाला गेले होते. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी दोन तास हा वर्ग असतो, एका मुलामागे सातशे रुपये घेतात, सोबत घरातले एक मोठे माणूस बसावेच लागते, आणि ज्यांना हवी असेल त्यांना दोन गोगलगायी असलेली पेटी पाचशे रुपये अनामत ठेवून पंधरा दिवस घरी नेता येते. वर्ग घेणाऱ्या बाई प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि त्यांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर पावसाळ्यात गोगलगायी फुकट दिसत असताना त्यासाठी सातशे रुपये कशाला, असा प्रश्न घरी निघालाच होता, आणि खरे सांगायचे तर तो मलाही पडला होता.

त्याचे उत्तर पहिल्या चाळीस मिनिटांत मिळाले, कारण तेवढ्या वेळात बाईंनी एकाही मुलाला गोगलगायीला हात लावू दिला नाही. दोन स्टुलांवर एक जाड काच आडवी ठेवली होती, तिच्यावर गोगलगाय सोडली होती आणि मुलांनी सतरंजीवर उताणे पडून काचेखालून वर पाहायचे होते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण मी आयुष्यभर वापरत आले आहे, बहुतेक वेळा कुणाच्या तरी लबाडीबद्दल; पण ते पाऊल खरोखर चालताना त्या दिवशी प्रथमच पाहिले. शेपटीकडून डोक्याकडे गडद पट्ट्यांच्या लाटा एकामागून एक सरकत जातात आणि गोगलगाय मात्र जणू काही न करता पुढे जाते. शास्त्रज्ञ गोगलगायींच्या प्राणिवर्गाला उदरपाद म्हणतात, म्हणजे आपली म्हण आणि प्राणिशास्त्र येथे एकाच मताचे आहेत. काचेला एका टोकाशी काकडीचा गर लावलेला होता. तेथे पोचल्यावर तिचे तोंड उघडझाप करू लागले आणि हजारो बारीक दातांची तिची जीभ गर खरवडत असल्याचे मुलांना दिसले. वरच्या लांब शिंगांच्या टोकाशी डोळे असतात, त्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि धक्का लागला की ते शिंग मोजा उलटा करावा तसे आतल्या आत ओढले जाते. हे सर्व पाहून झाले तेव्हा मुलांचा उतावळेपणा आपोआप ओसरला होता.

मग हात धुण्याची पाळी आली. आधी हातावरचा साबण, सॅनिटायझर, क्रीम आणि खाऊचे मीठ पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याखाली हात धरायचे आणि ते न पुसता ओले ठेवायचे, कारण मीठ गोगलगायीच्या अंगातले पाणी ओढून घेते आणि थोडे मीठही तिला जिवावर बेतू शकते. वेफर्स खात आलेल्या एका मुलाला बाईंनी दोनदा परत पाठवले. वर्ग संपल्यावर मात्र साबणाने खळखळून हात धुवायचे, आणि तोपर्यंत बोट तोंडात जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी पालकांची. बारा मुलांना एकच बेसिन होते, त्यामुळे दोन्ही वेळा बराच खोळंबा झाला. एक बादली आणि तांब्या वाढवला तरी हा प्रश्न सुटेल.

स्पर्शाचा नियम एका वाक्याचा होता: गोगलगायीला उचलायचे नाही, तिच्या वाटेत हात ठेवायचा. सर्व जण जमिनीवर बसलेले, तळहात ओल्या फडक्यावर टेकलेला, म्हणजे मूल दचकले तरी पडून शंख फुटण्याची भीती नाही. नातीच्या तळहाताशी आलेल्या गोगलगायीने आधी शिंगे लांब करून चाचपले, थोडा वेळ थांबली आणि मग कडेने वर चढली. नात श्वास रोखून बसली होती. “आजी, ही मला चाटतेय,” असे ती कुजबुजली, आणि ते खरेच होते. तिच्या मते ते अगदी बारीक पॉलिश पेपरसारखे लागत होते. एका वडिलांनी फोटोसाठी काचेवरची गोगलगाय शंखाला धरून उचलली तेव्हा मात्र बाईंचा आवाज प्रथमच चढला. “अहो, ते तिचं घर नाही, तिचं अंग आहे. ओढलंत तर आतून सुटेल,” असे त्या म्हणाल्या. चिकटलेल्या गोगलगायीला हलवायचेच असेल तर तिच्या डोक्यापुढे ओले बोट ठेवून ती स्वतः चढेपर्यंत वाट पाहावी लागते.

वर्गात वापरल्या जाणाऱ्या गोगलगायी बाईंच्याच बागेतल्या, छोट्या बोराएवढ्या, मधाच्या रंगाच्या आणि चकचकीत पातळ शंखाच्या असतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा मात्र केवळ रिकामा शंख मुलांना दाखवला: लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा, माझ्या मुठीपेक्षा मोठा. ही जात 1847 साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणून एका बागेत सोडली गेली आणि पुढे देशभर पसरली. 2022 च्या खरिपात लातूर, बीडकडच्या सोयाबीनचे गोगलगायींनी काय केले हे वर्तमानपत्रांत आपण वाचलेच आहे. गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुफ्फुसातील कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुख्य धोका कच्ची गोगलगाय किंवा नीट न धुतलेला पाला पोटात जाण्याचा असला, तरी हात तोंडात घालण्याच्या वयातल्या मुलांसाठी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझी खरी तक्रार येथेच आहे. हा भाग बाईंनी अर्ध्या मिनिटात उरकला आणि घरी दिलेल्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. तीन वर्षांच्या मुलाला या वर्गात घ्यावे असेही मला वाटत नाही. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीचा अंगठा दोन तासांत किती वेळा तोंडात गेला ते मी पाहत होते. साडेचार-पाच हे वय मला योग्य वाटते.

पेटी आम्ही घरी आणली. झाकणाला भोके असलेला पारदर्शक डबा, तळाशी ओलसर नारळाचा भुसा, लपायला एक फुटके मडके, पाणी फवारायची बाटली, एवढेच सामान होते. रोज काकडी, दुधी किंवा गाजर, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले काढून टाकायचे. गाजर खाल्ल्यावर विष्ठाही नारिंगी होते, या शोधाने नात दोन दिवस खूश होती. शंखासाठी चुन्याचा अंश लागतो, त्यासाठी अंड्याच्या टरफलांचा चुरा सांगितला होता. आमच्याकडे अंडे येत नसल्याने मी रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातले पांढरे चुनखडी कवच, आणले आणि ते दोन्ही गोगलगायींनी आनंदाने खरवडले.

चौथ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. पेटी बाल्कनीत राहिली आणि भाद्रपदाचे ऊन थेट डब्यावर आले. दुपारी पाहते तो दोन्ही गोगलगायी शंखात पूर्ण आत आणि तोंडाशी वाळलेला पातळ पापुद्रा. नात रडू लागली, मीही घाबरले. बाईंनी फोनवर शांतपणे सांगितले की पापुद्रा सोलू नका, पेटी सावलीत गार जागी ठेवा, हलके पाणी फवारा आणि वाट पाहा. रात्री नऊच्या सुमारास एकीचे शिंग बाहेर आले, दुसरी मात्र सकाळपर्यंत हलली नाही. बंद डब्याला ऊन लागू देऊ नये, हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत हवे होते. अकराव्या दिवशी भुशात बारीक पांढरी अंडी सापडली, त्याबद्दलही पत्रक गप्पच होते. या जातीची प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोन एकत्र ठेवल्या की हे होऊ शकते. भुसा बाहेर कुंडीत टाकू नका, अंड्यांसकट पेटी परत आणा, असे बाईंनी फोनवर सांगितले आणि आम्ही तसे केले.

अनामत लगेच परत मिळाली. पुण्यात लहान मुलांसाठी जे वर्ग चालतात त्यांत मला हा सर्वांत शांत वाटला, आणि वर लिहिलेल्या दोन-तीन दुरुस्त्या झाल्या तर मी दुसऱ्या नातवालाही पाच वर्षांचा झाल्यावर नेईन. जाणाऱ्यांनी मुलाला जुने कपडे घालावेत आणि सकाळी खाऊ घालूनच न्यावे, कारण मध्ये काही खाऊ देत नाहीत. मार्गशीर्षापासून वर्ग बंद असतो. कोरड्या दिवसांत बागेतल्या गोगलगायी शंखाचे तोंड मिटून मातीत बसतात आणि बाई त्यांना उकरून काढत नाहीत. मृगाचा पाऊस नीट लागला की पुन्हा नावे घेतात.