कॉमन रिटर्न वायरिंग आणि दोन नॉबचा कंट्रोलर: रत्नागिरीत आठ महिने वापरल्यानंतर

घरातल्या मॉडेल रेल्वेचा लेआउट ८ फूट बाय ४ फूट प्लायवर, रुळाचा गेज १६.५ मिमी, नऊ सेक्शन (वीज वेगळी देता येईल असे रुळाचे भाग), मध्ये तीन लाइनींचं स्टेशन. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजूनही एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी लूपवर उभी करून समोरून येणारी सोडणं हीच इथल्या लेआउटची खरी गंमत, आणि तिला दोन कॅब, म्हणजे एकेका गाडीसाठी वेगळा नॉब, लागतातच. कंट्रोलर साधा डीसी आहे. दोन नॉब, प्रत्येकी १२ व्होल्ट, १ अँपिअर. मे ते डिसेंबर, म्हणजे अख्खा पावसाळा धरून हा अनुभव आहे.

कंट्रोलरबद्दल तक्रार नाही. जो त्रास झाला तो परतीच्या एका तारेचा आणि तिच्या जोडांचा.

आधी मांडणी. आतला रूळ सगळीकडे सलग ठेवून तो एका जाड तारेला जोडला, तो कॉमन, म्हणजे दोन्ही कॅबची परतीची सामाईक वाट (रिटर्न). बाहेरचा रूळ नऊ ठिकाणी तोडला आणि प्रत्येक तुकड्याला एक तीन पायांचा ऑन-ऑफ-ऑन टॉगल स्विच दिला. मधला पाय रुळाला, एका बाजूचा कॅब अ ला, दुसऱ्या बाजूचा कॅब ब ला. दोन्ही कॅबची उरलेली एकेक टोकं कॉमनवर एकत्र. दोन्ही रूळ तोडले असते तर अठरा तारा आणि सहा पायांचे नऊ टॉगल लागले असते. इथे नऊ तारा आणि एक रिटर्न यात काम भागतं. नंतर खालून दोष शोधताना या बचतीची किंमत कळते.

पण एक अट आहे आणि ती मोडून चालत नाही. दोन्ही कॅबचा पुरवठा आतून पूर्ण वेगळा हवा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग वेगळं किंवा अॅडॉप्टर वेगळा. एकाच १२ व्होल्ट अॅडॉप्टरवर दोन पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारे) कंट्रोलर लावले तर दोन्ही गाड्या एकाच दिशेने असेपर्यंत सगळं छान चालतं. एकाची दिशा उलटली की कॉमनमधून अॅडॉप्टरचा प्लस थेट मायनसला भिडतो आणि शॉर्ट होतो. मग लोक तासन्‌तास रुळावर दोष शोधत बसतात.

विकत घेताना तपासायची रीत सोपी आहे. प्लग काढून, आउटपुटला काहीही न जोडता मीटर कंटिन्यूइटीवर ठेवा. अ च्या कुठल्याही टोकापासून ब च्या कुठल्याही टोकाकडे आवाज येता कामा नये. मग प्लग लावून अ आणि ब चं एकेक टोक जोडा, दोन्ही नॉब पूर्ण फिरवा आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. दिशा सारखी असेल तर जवळजवळ शून्य, उलट असेल तर साधारण २४ व्होल्ट. ओव्हरलोडचा दिवा लागला तर तो कंट्रोलर कॉमन रिटर्नच्या कामाचा नाही. हे २४ व्होल्ट लक्षात ठेवा. उलट दिशेच्या दोन सेक्शनांच्या सांध्यावर इंजिन गेलं की त्याची चाकं हे दोन्ही फीड (सेक्शनना वीज नेणाऱ्या तारा) एकमेकांना जोडतात, म्हणून टॉगल न बदलता गाडी पुढे काढायची नाही.

आता तारेची जाडी. सुरुवातीला रिटर्नलाही फीडसारखीच ०.२२ चौरस मिमीची बारीक तार होती. तिचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम, म्हणजे ६ मीटरला अर्धा ओहम. फीडला हे चालून जातं, कारण तिथे एकाच गाडीचा प्रवाह असतो. रिटर्नमधून मात्र दोन्ही गाड्यांचा जातो. ब ची गाडी सुटली की अ ची मंदावते, आणि दिशा विरुद्ध असेल तर मंदावण्याऐवजी किंचित जोरात पळते. स्टेशनात ३-४ व्होल्टवर हळू येणाऱ्या गाडीत हा फरक डोळ्यांना दिसतो. बाजारात कुठेही मिळणारी घरवायरिंगची १.५ चौरस मिमीची काळी वायर टाकली की तोच रोध ०.०७ ओहमवर येतो आणि हा त्रास संपतो. पॉइंटच्या (गाडीची लाइन बदलणाऱ्या सांध्याच्या) कॉइल मोटरला मात्र वेगळी परतीची तार द्या. मोटरचा ३-४ अँपिअरचा झटका कॉमनमधून गेला की चालत्या गाडीला हिसका बसतो.

लाइव्ह फ्रॉग पॉइंट (ज्यांत रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकालाही वीज असते) असतील तर फ्रॉगच्या पुढे दोन्ही रुळांत गॅप लागतो, आणि तिथून पुढे कॉमन रुळाला नवा ड्रॉपर (रुळाला खालून जोडलेली तार) द्यावा लागतो. रिव्हर्स लूप (गाडीला उलट तोंडाने त्याच लाइनीवर आणणारा वळसा) कॉमनवर चालत नाही, त्याचे दोन्ही रूळ तोडून वेगळा सहा पायांचा टॉगल लावा.

आणि आपली हवा. जुलैपासून खारा दमट वारा घरात शिरतो आणि जॉइनरच्या (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या पट्टीच्या) आतली पकड जाते. सलग रूळ आहे म्हणून वीज पोचेल, हे गृहीत धरणं इथे चुकीचं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ड्रॉपर द्या, जॉइनरवर विसंबू नका. स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत नुसती तांब्याची टोकं कळकतात आणि हिरवी पडतात, स्क्रू गंजतात. टोकांना कल्हई करून घ्या, किंवा पट्टी काढून सरळ डाग द्या. डाग देताना राळेचं फ्लक्स वापरा. अॅसिड फ्लक्सचा अंश राहिला तर ओलाव्याने महिन्याभरात जोड खातो. जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. टॉगल अडखळू लागले तर दहा-पंधरा वेळा खटखट केल्यावर बहुतेक सुधारतात, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

ऑक्टोबरचा त्रास वेगळा. पावसात फुगलेला प्लाय उन्हात आकसतो आणि करवतीने कापलेले गॅप मिटतात. सेक्शन ४ बंद असूनही त्यातली गाडी सेक्शन ५ च्या नॉबवर हलू लागली तर हेच झालेलं असतं. कापल्यावर लगेच गॅपमध्ये प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात घासून घ्या.

पुढे डीसीसीवर (रुळातूनच डिजिटल संदेश देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याच्या पद्धतीवर) जायचा विचार असेल तर कॉमन रिटर्न टाकू नका, आताच प्रत्येक सेक्शनला दोन तारा द्या. एकाहून जास्त बूस्टर (डीसीसीत रुळाला वीज पुरवणारे डबे) लावायचे झाले की प्रत्येकाची जोडी वेगळी असलेली बरी.

मृग लागण्याआधी एक मोजमाप घ्या. कंट्रोलर सुटा करून, सर्वांत लांबच्या कॉमन रुळापासून रिटर्नच्या टोकापर्यंतचा रोध मोजा आणि मीटरच्या वायरींचा वजा करा. ०.३ ओहमच्या वर आला तर कुठला तरी जोड ढिला आहे, आणि तो जुलैत सापडण्यापेक्षा मे महिन्यात सापडलेला बरा.