शल्यचिकित्सक होऊ इच्छिणाऱ्यांचे हस्तकौशल्य कसे तपासावे: पेगबोर्ड, टाके, पेटी की सिम्युलेटर?

शस्त्रक्रिया प्रशिक्षणासाठी उमेदवारांचे हस्तकौशल्य तपासायचे ठरले, की कोणती चाचणी घ्यावी हा प्रश्न लगेच पुढे येतो. त्याआधी चाचणीच्या निकालाचे काय करायचे आहे, हे ठरवायला हवे. प्रवेश द्यायचा की नाकारायचा, हा निर्णय वेगळा आणि प्रवेश दिलेल्या व्यक्तीला कशाचा सराव अधिक द्यावा, हा निर्णय वेगळा. एकच चाचणी दोन्ही कामांना सारखीच उपयोगी पडत नाही.

सर्वांत स्वस्त आणि सुटसुटीत साधन म्हणजे पर्ड्यू पेगबोर्ड. औद्योगिक मानसशास्त्रज्ञ जोसेफ टिफिन यांनी कारखान्यातील कामगारांच्या निवडीसाठी ते विकसित केले. पाटीवर 25-25 छिद्रांच्या दोन रांगा असतात. प्रथम उजव्या, मग डाव्या आणि नंतर दोन्ही हातांनी 30 सेकंदांत किती पिना बसवता येतात ते मोजतात, आणि शेवटी एका मिनिटात पिना, चकत्या व नळ्या यांची जुळणी करवून घेतात. परीक्षकाच्या मताला येथे जवळपास वाव नाही, ही या चाचणीची जमेची बाजू. पण धातूची पिन जोराने दाबली तरी काही फाटत नाही, रक्त येत नाही. बोटांचा वेग कळतो. हात किती हलका आहे, हे कळत नाही.

ते कळते टाके घालताना. टोरांटो विद्यापीठात 1990 च्या दशकात विकसित झालेली ‘ओसॅट्स’ ही पद्धत याच निरीक्षणाला शिस्त लावते. उमेदवार प्रतिकृतीवर ठरावीक काम करतो आणि परीक्षक कृतींच्या यादीबरोबरच ऊतींची हाताळणी, हालचालींतील काटकसर, उपकरणांवरील पकड, कामाचा ओघ अशा सात निकषांवर 1 ते 5 गुण देतो. सुई नीडल होल्डरमध्ये (सुई धरण्याच्या उपकरणात) कोठे पकडली, ती त्वचेत काटकोनात शिरली की तिरकी, तिच्या वक्रतेबरोबर मनगट वळले की सुई सरळ रेटली गेली, आणि दुसऱ्या हातातील फोर्सेप्सने (चिमट्याने) जखमेची कड अलगद उचलली की चिमटून चेचली, एवढे पाहिले तरी पहिल्या दोन-तीन टाक्यांतच बरेच काही समजते. मात्र उपकरणांची माहिती किंवा सहायकाचा उपयोग हे निकष नवख्याला लावणे अन्यायाचे आहे, कारण ते अजून कोणी शिकवलेलेच नसते. शिवाय अनुभवी परीक्षकांचा बराच वेळ जातो. ओळखीपाळखीचा परिणाम टाळायचा असेल, तर फक्त हात दिसतील असे चित्रण करून ते दोन परीक्षकांना स्वतंत्रपणे दाखवावे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सरावपेटी अधिक बोलकी ठरते: बंद पेटीच्या छिद्रांतून लांब उपकरणे आत घालायची आणि आतले दृश्य पडद्यावर पाहत काम करायचे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची मूलभूत कौशल्ये तपासणाऱ्या अमेरिकेतील ‘एफएलएस’ परीक्षेतील पहिल्या कामात सहा लहान वस्तू एकेक करून एका हातातील ग्रास्परने (पकडीच्या लांब उपकरणाने) उचलायच्या, हवेतच दुसऱ्या हाताकडे द्यायच्या, समोरच्या खुंट्यांवर ठेवायच्या आणि मग हाच क्रम उलट करायचा असतो. हात डावीकडे नेला की उपकरणाचे टोक उजवीकडे जाते, आणि सपाट पडद्यावर खोली जाणवत नाही. त्यामुळे पेगबोर्डवर चपळ असलेला उमेदवारही येथे सुरुवातीला अडखळू शकतो.

संगणकीय सिम्युलेटर आणि हातांवर लावायचे संवेदक हालचालींची संख्या व हाताने कापलेले अंतर आपोआप नोंदवतात. आकडे नेमके मिळतात, पण यंत्रे महाग आहेत आणि अनेक यंत्रांत स्पर्शाची खरी जाणीव नसते. निवडीपेक्षा सरावासाठी त्यांची बाजू भक्कम आहे: 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आभासी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम 29 टक्के अधिक वेगाने केले, आणि त्यांच्या चुकाही कमी होत्या.

हाताच्या कौशल्याला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्यात झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 शल्यचिकित्सकांचे चित्रण समव्यावसायिकांनी पाहून गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांश गटाच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के होती, तर सर्वोच्च गटाच्या रुग्णांत 5.2 टक्के. पण हे सगळे आधीपासून प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करत असलेले शल्यचिकित्सक होते, दारात उभे असलेले उमेदवार नव्हेत. उमेदवारांबाबत वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: अवकाशीय आकलनात (वस्तूंचे आकार व स्थान मनात कल्पण्यात) मागे असलेले प्रशिक्षणार्थी अवघड कामात आधी कमी पडले, तरी सराव आणि योग्य सूचना मिळाल्यावर ते इतरांच्या बरोबरीला आले, असेही संशोधनात दिसले आहे.

म्हणून एका दिवसाच्या एका गुणावरून कोणाला दार बंद करणे मला मुळीच मान्य नाही. निवडच करायची असेल, तर सरावपेटीतील एकच काम काही आठवडे पुन्हापुन्हा द्यावे, प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि खाली पडलेल्या वस्तू नोंदवाव्यात आणि सूचना मिळाल्यानंतर चूक किती लवकर सुटते ते पाहावे. प्रवेशानंतरच्या देखरेखीसाठी ओसॅट्सला तोड नाही, कारण ‘तू 3 गुणांवर आहेस’ एवढ्यावर न थांबता ‘डाव्या हातातील फोर्सेप्स कड चेचते आहे’ असे परीक्षक शिकणाऱ्याला सांगू शकतो. पेगबोर्ड ठेवायचाच असेल, तर सरावाच्या आधीची नोंद म्हणून ठेवावा आणि त्याचे गुण निवडीच्या बेरजेत धरू नयेत.