बलस्थानात भर घालावी की कच्चा दुवा सांधावा?

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत 2015 मध्ये 81व्या क्रमांकावर होता, तो 2024 मध्ये 39व्या क्रमांकावर आला. तरीही संशोधन व विकासावरील आपला खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 0.64 टक्क्यांवरच रेंगाळला आहे. मग पुढचा पैसा सॉफ्टवेअर सेवांसारख्या बलस्थानांवर लावावा, की संशोधनापासून वापरापर्यंतची साखळी जिथे तुटते तिथे?

पहिल्या पर्यायात फळ लवकर दिसते आणि क्रमवारीही सुधारते. सरकारांना तो आवडतो, यात नवल नाही.

दुसऱ्या पर्यायाचे महत्त्व सोलापुरात डाळिंबाच्या बागेत उभे राहिले की कळते. येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण 2017 मध्ये दिला, म्हणजे प्रयोगशाळेचा दुवा भक्कम आहे. परंतु सांगोल्याच्या शेतकऱ्याला रोगमुक्त कलम मिळाले नाही, तर तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोपाबरोबरच बागेत शिरतो, फळावर काळे तेलकट डाग पडतात, पुढे साल तडकते आणि व्यापारी तो माल बाजूला काढतो. अशा वेळी आणखी एक वाण काढण्यापेक्षा रोपवाटिकांची काटेकोर तपासणी अधिक उपयोगी ठरते, कारण संशोधनाचे घटक एकमेकांची जागा घेत नाहीत: चांगला वाण रोगमुक्त कलमाची उणीव भरून काढत नाही.

माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे. मात्र कच्चा दुवा प्रत्येक क्षेत्रात वेगळा असतो, त्यामुळे सोलापूरच्याच यंत्रमागाच्या चादरीला डाळिंबाची योजना लावून चालणार नाही.